यमाईच्या पोत्यातला पुरावा

मानवतेला सीमा नसतात. हे वाक्य मी साताऱ्यातल्या एका महाविद्यालयाच्या कमानीवर वाचलं. अक्षरं सोनेरी होती आणि हातभर उंच होती. कमानीखाली लोखंडी फाटक होतं, फाटकाला कडी होती, आणि कडीपाशी उभा असलेला वॉचमन माझ्याबरोबरच्या माणसाला आत सोडायला तयार नव्हता.

"आधार कार्ड दाखवा."

"माझ्याकडं न्हाई," नजीब म्हणाला.

"मग लायसन? मतदानाचं?"

"निर्वासिताचं हाय."

वॉचमननं ते कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "हे चालत न्हाई. आज आत निर्वासितांवर मोठा कार्यक्रम हाय. बाहेरच्यास्नी बंदी हाय."

नजीब त्या कार्यक्रमाचा वक्ता होता.

शेवटी एक प्राध्यापक धावत आले आणि आम्ही आत गेलो. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, पाहुण्यांचा परिचय झाला, मग परिचय करून देणाऱ्यांचा परिचय झाला. शाली वाटण्यात इतका वेळ गेला की युद्धामुळे देशोधडीला लागलेल्या माणसाच्या वाट्याला बोलायला चार मिनिटं उरली. नजीब माइकपाशी गेला. सगळ्यांनी इंग्रजी ऐकायच्या तयारीनं चेहरे गंभीर केले.

"शाल मिळाली, लय आभारी हाय," तो म्हणाला. "ही माझी सातवी. पर मला कागद पायजे हुता."

मागच्या बाकांवरून शिट्टी आली. पुढच्या रांगेनं कार्यक्रमपत्रिका उलटून पाहिली. अफगाण माणूस कवठेमहांकाळची मराठी बोलतो, हे कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं नव्हतं.

आता कागदाचं सांगते, कारण पुढचे तीन दिवस आम्ही त्याच्याच मागे होतो.

मी तेहतीस वर्षं कोर्टात अनुवादक होते. निवृत्तीनंतर पुण्यात आठवड्यातून दोन दिवस निर्वासितांचे अर्ज लिहून देते. नजीब तिथलाच. अफगाणिस्तानातल्या द्राक्षाच्या मुलखातला, काबूलच्या उत्तरेचा. शेतीशास्त्र शिकायला शिष्यवृत्तीवर पुण्यात आला, बेदाण्याचा अभ्यास करायला सांगली जिल्ह्यात गेला, आणि तो तिथं असतानाच त्याच्या देशातलं सरकार कोसळलं. शिष्यवृत्ती संपली, परतीचा रस्ता संपला. त्याची बायको फ्रोजान आणि मुलगी लैला यांना एका आंतरराष्ट्रीय मदत पथकानं बाहेर काढलं आणि दोन देश फिरून त्या कॅनडात पोचल्या. नजीबनं त्यांच्याकडे जाण्याचा अर्ज केला. सगळं जुळत आलं आणि कॅनडाच्या दिल्लीतल्या कचेरीतून पत्र आलं.

पत्राचा आशय असा: नजीब नावाचा एक इसम अमुक साली फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सीमा ओलांडून अफगाणिस्तानात परत गेल्याची नोंद आहे. तो आपणच असाल, तर आपल्याला मायदेशात धोका आहे हे म्हणणं टिकत नाही. तो आपण नसाल, तर त्या आठवड्यात आपण भारतात होता हे दाखवणारा, त्याच काळात तयार झालेला कागद पाठवावा. आज करून घेतलेले दाखले, तारीख नसलेली छायाचित्रं चालणार नाहीत.

नजीबला आडनाव नाही. त्याच्या गावाकडे पुष्कळांना नसतं. नुसतं नजीब. त्या देशात नुसते नजीब किती असतील याचा अंदाज बांधायचा तर आपल्याकडे नुसते बाळासाहेब किती, असा विचार करावा. पण अर्जाला उत्तर म्हणून हे चालत नाही. मुदत संपायला पाच दिवस होते. कागद मिळाला नाही, तर फाइल बंद आणि बायको-मुलगी पृथ्वीच्या पलीकडे.

परिसंवादाला मी होकार दिला तो एवढ्यासाठीच की जाण्यायेण्याचा खर्च ते देणार होते आणि सातारा हे कवठेमहांकाळच्या वाटेवर आहे.

आबांच्या शेडवर

त्या आठवड्यात नजीब होता आबासाहेब यमगरांकडे. आबा म्हणजे निवृत्त हवालदार. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरले. आबा फौजेत फिरले, आणि आता कुठेच न फिरता तीन एकर द्राक्ष आणि एक बेदाण्याची शेड सांभाळतात. कराडनंतर ऊस विरळ होत जातो आणि एका वळणानंतर संपतो. मग उघडी माळरानं, खडक, आणि मधेच द्राक्षाचे हिरवे चौकोन.

आम्ही पोचलो तेव्हा आबा शेडमध्येच होते. बेदाण्याची शेड पाहिली नसेल तर अशी कल्पना करा: रेल्वेच्या शयनयानात दोन्ही बाजूंना अकरा-अकरा मजले केलेत, बर्थच्या जागी जाळ्या ताणल्यात, आणि प्रत्येक बर्थवर द्राक्षं आडवी झोपलीत. बाजूनं हिरवं कापड. आतून वारा जातो, ऊन येत नाही. पंधरा दिवसांत द्राक्षाचा बेदाणा होतो. मधे गंधकाची धुरी देतात. ती नुकतीच दिलेली होती हे मला कुणी सांगितलं नाही. मी कौतुकानं आत डोकं घातलं आणि पुढची दहा मिनिटं खोकत होते.

"आवं बाई, बाहीर या!" आबा ओरडले. "त्यो धूर बेदाण्याला लावायचा असतो. मानसाला न्हाई." मग त्यांचं लक्ष नजीबकडे गेलं. "आन तू रं? लय वाळलायस गड्या. तुला बी जाळीवर टाकलं हुतं का काय पुण्यात?"

नजीबनं वाकून नमस्कार केला. आबांनी त्याला उभं करून छातीशी धरलं, आणि लगेच हात झटकून, "चल, त्या कोपऱ्यातला माल बघून सांग," म्हणून कामाला लावलं. दोघं माल तोंडात टाकून चावत राहिले. मग त्यांचं जुनं भांडण सुरू झालं: बेदाणा सुकवायचा कसा.

"आमच्याकडं मातीच्या घरात सुकवतात," नजीब मला म्हणाला. "भिंतीला भोकं. आत अंधार. घड टांगायचा आन विसरून जायचं. महिन्यानं बघायचं. चव बघा मग."

"महिनाभर विसरायला तुमचा पाऊस सांगून येतो," आबा म्हणाले. "आमचा येतो तो न सांगता. शिवाय ह्याची घरं भोकाची, म्हंजे भिंत बांधायची आन मग पाडत बसायची."

आक्कांनी, म्हणजे आबांच्या पत्नीनं, बाजरीची भाकरी, खर्डा, मटकीची आमटी आणि वर मूठभर भडंग असं ताट वाढलं. नजीब भाकरी दोन्ही हातांनी मोडतो, एका हातानं नाही. तेवढीच एक परदेशी खूण त्याच्यात उरली आहे. जेवताना मी पत्र वाचून दाखवलं. आबा पूर्ण ऐकून म्हणाले, "ह्याला कागद कशाला लागतोय? मानूस समूर उभा हाय की."

"तेव्हा उभा होता का, हे विचारतायत."

"मग मी सांगतो की. मी हवालदार हाय."

आज सांगितलेलं चालत नाही, हे त्यांना पटेना. माझी मात्र या नियमाशी जुनी ओळख आहे. कोर्टात जिवंत माणसापेक्षा पिवळा पडलेला कागद नेहमी जास्त खरं बोलतो.

आम्ही शोधायला बसलो. भाडेपावती? नजीबला राहायला खोली दिली होती, आणि पाहुण्याला पावती देणं आक्कांच्या लेखी पाहुण्याला हाकलण्यासारखंच होतं. मोबाइल? तो द्राक्षं बुडवायच्या द्रावणात पडला होता आणि बेदाण्यापेक्षा लवकर सुकून गेला होता. दवाखाना? नजीब आजारी पडला नव्हता. "पडायचा हुतास की एकदा तरी," आक्का हळहळल्या. पाहुणचार इतका चोख झाला होता की त्याचा कुठेही पुरावा उरला नव्हता.

तेवढ्यात बातमी ऐकून सरपंच आले. त्यांनी पत्र पाहिलं आणि अडचण एका वाक्यात सोडवली.

"मागची तारीख टाकून रहिवासी दाखला देतो. त्यात काय! शिक्का जुनाच हाय."

मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मी गप्प बसले ते होकारानंच. गोष्ट खरी होती, खोटी असणार होती ती फक्त तारीख, आणि ती कुणाला कळणार नव्हती. तेहतीस वर्षं शपथेवर अनुवाद करून मी एवढ्या सहज पाघळेन असं मला वाटलं नव्हतं.

"नको दादा," नजीब म्हणाला. "एक खोटा कागद दिला, की म्या आजवर दिलेले सगळे खोटे हुत्यात. फ्रोजानचे बी."

सरपंच थोडे दुखावले. मग म्हणाले, "बरं, मग सत्कार तरी करतो." आबांनी त्यांना बेदाणा देऊन वाटेला लावलं. नजीबच्या खात्यात आठवी शाल जमा होता होता वाचली.

"फेब्रुवारीचा दुसरा आठवडा," आक्का भाकरीचं पीठ झटकत स्वतःशी म्हणाल्या. मग थांबल्या. "आवं, वैशीचं लगीन!"

वैशाली ही त्यांची मुलगी. तिचं लग्न त्याच आठवड्यात झालं होतं.

"ह्यो सकाळपास्नं मठ्ठा वाढत हुता. व्हिडिओत हाय की!"

"व्हिडिओवर तारीख आहे?"

"तारीख पत्रिकेवर असती," आबा म्हणाले. "आन पत्रिकेत ह्याचं नाव हाय. म्या सोता घातलंय."

इकडच्या लग्नपत्रिका ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वधूवरांची नावं पत्रिकेच्या साधारण दहावा भाग व्यापतात. उरलेल्या जागेत निमंत्रक, स्वागतोत्सुक, कार्यवाहक, मामा, मावसमामा आणि ज्यांची नावं राहिली तर वर्षभर बोलणार नाहीत अशी सगळी मंडळी असतात. मी आयुष्यभर या पत्रिकांची चेष्टा केली. गणपतीच्या चित्राखाली छापलेली जनगणना, असं मी त्यांना म्हणत असे. त्या दुपारी मी तो शब्द मनातल्या मनात मागे घेतला. जनगणनाच तर हवी होती.

फक्त पत्रिकाच हाताशी नव्हती. आक्कांनी उरलेल्या पत्रिका डब्यांच्या तळाला घालून संपवल्या होत्या. छापखाना बंद पडून तिथं मोबाइलचं दुकान झालं होतं. वैशालीला फोन लावला. ती कोरेगावला दिली आहे. तिच्याकडे व्हिडिओ होता, पत्रिका नव्हती. स्वतःच्या लग्नाची पत्रिका कुणी जपत नाही. कुठे जायचं ते आपल्याला ठाऊक असतं.

"पहिली पत्रिका बिरोबाला ठेवली हुती," आबा आठवत म्हणाले. "पर बिरोबा उघड्यावरचा देव. त्याच्या पत्रिकेचं काय झालं ते शेरडांनाच इचारावं लागंल. दुसरी दिली औंधच्या यमाईला."

आक्कांनी हात जोडले. "तिला छप्पर हाय."

औंध

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांची पिकअप निघाली. पुढे आबा आणि मी. मागे नजीब आणि यमाईसाठी पाच किलो बेदाणा. विटा, मायणी, आणि मग लांबूनच डोंगरावरची देवी. मायणीच्या अलीकडे गाडीचा पट्टा तुटला. आबांनी तो आक्कांनी शिदोरीला बांधलेल्या सुतळीनं तात्पुरता जोडला आणि फौजेत असं काय काय जोडलं होतं याची यादी ऐकवली. यादी औंधपर्यंत पुरली. सुतळीही.

पायऱ्या चढताना मी तीनदा बसले. नजीब म्हणाला, त्याच्या गावाजवळही टेकडीवर एक पिराची जागा आहे, आणि तिथंही म्हाताऱ्या बायका मधेच बसतात आणि देखावा बघत असल्याचं सांगतात. मी देखावा बघत असल्याचं सांगितलं.

वर गुरव भेटले. पांढऱ्या मिशा, खांद्यावर उपरणं, कपाळभर मळवट. आबांनी हकिगत फौजी क्रमानं सांगितली. गुरवांनी शांतपणे ऐकलं.

"देवीला आलेलं निमंत्रण हाय," ते म्हणाले. "मी रद्दीत घालीन व्हय? जाळावं तरी कसं? कुणाच्या तरी लग्नाची अक्षत हाय ती."

त्यांनी आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. भिंतीला टेकून पोती उभी होती, बेदाण्याचीच जुनी पोती, आणि प्रत्येकात तोंडापर्यंत लग्नपत्रिका. वर्षावर्षाप्रमाणे. पोत्याच्या तोंडाला चिंधी, चिंधीवर खडूनं साल.

मी नोकरीत असताना अभिलेख कक्ष पुष्कळ पाहिले. उंदीर नसलेला हा पहिला.

आम्ही तिघं आणि गुरव, चौघं जमिनीवर मांडी घालून बसलो. हजारो गणपती आमच्याकडे बघत होते. हळदीकुंकवानं बोटं रंगली. दर दोन मिनिटांनी आबांना कुणीतरी ओळखीचं सापडायचं. "आरं, ह्या सुताराच्या पोराचं लगीन! ह्या जेवनात मीठ नव्हतं." गुरव प्रत्येक पत्रिका बघून झाल्यावर कपाळाला लावून दुसऱ्या ढिगावर ठेवत होते. त्यामुळे वेग कमी होत होता, पण ते सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

नजीब सगळ्यात हळू होता. त्याला देवनागरी अक्षर जोडून जोडून वाचावं लागतं. तो एकेका पत्रिकेवर बोट ठेवून पुटपुटत होता. पोतं अर्ध्यावर आलं. मग तळ दिसायला लागला. आबा आता ओळखीच्यांनाही नुसतेच बाजूला ठेवत होते.

"यमगर," नजीब म्हणाला.

आबांनी पत्रिका हिसकावून घेतली, लांब धरली, जवळ धरली, आणि माझ्या हातात दिली. चि. सौ. कां. वैशाली. तारीख स्पष्ट: तो आठवडा, मधला दिवस. चारही कोपऱ्यांना हळदकुंकू. खाली "कार्यवाहक" म्हणून तेवीस नावं, आणि सतरावं नाव: श्री. नजीब आबासाहेब काबूलकर.

मी ते दोनदा वाचलं. "आबा, हे काय?"

"नावच की."

"पण हे याचं नाव नाही!"

"बाई, नुसतं नजीब कसं छापनार? नुसतं नाव म्हंजे मानसाच्या मागं कुनी न्हाई असं दिसतं. बापाचं नाव पायजे. ह्याचा बाप तिकडं लढाईत अडकलेला, त्याला इचारायचा कसा? म्हनून माझं घातलं. आन आडनावाला गाव."

"पण तो काबूलचा नाही."

"काबूलच्या फुडचं समदं काबूलच," आबा म्हणाले.

नजीब पायरीवर जाऊन बसला. त्याची पाठ हलत होती. मला वाटलं, एवढं शोधून नाव चुकीचं निघालं म्हणून. जवळ गेले तर तो हसत होता, आणि डोळे पुसत होता, आणि पुन्हा हसत होता.

गुरव पत्रिका द्यायला राजी झाले, एका अटीवर. "काम झालं की परत आनायची. देवीची हाय."

आम्ही तिघांनीही यमाईसमोर शब्द दिला.

कोरेगाव

कोरेगावच्या बाजारपेठेत, घेवड्याच्या पोत्यांच्या दोन दुकानांमध्ये चेपून बसलेलं एक झेरॉक्सचं दुकान आहे. तिथून पत्रिका स्कॅन करून दिल्लीला गेली. सोबत मी केलेला अनुवाद. "कार्यवाहक" या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावं यावर मी पाऊण तास घालवला, कारण लग्नात ते काहीच कार्य करत नाहीत. वैशाली व्हिडिओ घेऊन आली. चार तासांच्या त्या चित्रफितीत नवरा-नवरी अधूनमधून दिसतात. नजीब मात्र फेटा बांधून, हातात बादली घेऊन, प्रत्येक दृश्यात मागून मठ्ठा वाढत जातो.

दुपारी दिल्लीहून अधिकारी बाईंचा व्हिडिओ कॉल आला. आवाज थकलेला, पण बाई ऐकून घेणाऱ्या.

"कागदावर लाल डाग कसले आहेत?"

"कुंकू," मी म्हणाले. "हे निमंत्रण देवीला दिलेलं होतं."

"म्हणजे निमंत्रित व्यक्ती—"

"देवी."

पलीकडे कळफलकाचा आवाज आला. माझी खात्री आहे की त्यांनी तसंच टंकलं.

"आणि हे आबासाहेब काबूलकर कोण? अर्जदाराच्या वडिलांचं नाव वेगळं आहे."

मी अनुवादकाच्या सवयीनं घसा साफ केला. पण आबांनी फोन माझ्या हातातून घेतला, पाठ ताठ केली आणि फौजेतल्या हिंदीत बोलायला सुरुवात केली. झेरॉक्सचं यंत्र थांबलं.

"मॅडमजी, मैं हवालदार आबासाहेब यमगर. हमारे इधर अकेला नाम नहीं छापते. बाप का नाम लगता है. इसका बाप लढाई में था, इसलिए मैंने अपना लगाया. नाम मेरा है, गलती भी मेरी है. लेकिन उस दिन ये लडका मेरे मंडप में था, और मेरी बेटी की शादी में इसने आठ सौ आदमी को मठ्ठा पिलाया. दूसरा कोई नजीब किधर गया, वो मुझे मालूम नहीं. ये वाला इधर था."

बाईंनी व्हिडिओ मागितला. आम्ही पाठवला. त्यांनी नजीबला कॅमेऱ्याकडे तोंड करायला सांगितलं, मग बाजूला. मग म्हणाल्या, "मूळ पत्रिका रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा," आणि फोन ठेवता ठेवता, "लग्न छान झालेलं दिसतंय."

पोस्ट ऑफिस बंद व्हायला वीस मिनिटं होती. आबांनी पिकअप बाजाराच्या दिवशी ज्या वेगानं चालवू नये त्या वेगानं चालवली. पट्ट्याची सुतळी पोस्टाच्या दारात तुटली.

नंतर

तीन आठवड्यांनी पत्र आलं. हरकत मागे घेण्यात आली होती. सोबत दोन ओळी होत्या: सादर केलेले पुरावे परस्परपूरक व विश्वासार्ह आढळले. मी आयुष्यात पुष्कळ निकालपत्रं अनुवादित केली. एवढं चांगलं मराठीत मी कुठलंच केलं नाही. आबांना फोनवर वाचून दाखवलं, तर त्यांनी "पुन्ना" म्हणून तीनदा वाचायला लावलं, आणि मागं आक्का कुणाला तरी ओरडून सांगत होत्या की जिंकलो.

पावसाळ्याच्या तोंडावर नजीब गेला. सामानात कपडे कमी आणि बेदाणा जास्त होता. मातीच्या घरातला नव्हे, जाळीवरचा. भांडणात त्यानं दिलेली ही एकमेव कबुली.

विमानतळावरचा व्हिडिओ फ्रोजाननं पाठवला. लैला आईच्या मागे लपली आहे. नजीब गुडघे टेकून बसला आहे. ती हळूहळू पुढे येते, त्याच्या चेहऱ्याशी माप घेतल्यासारखा आपला तळहात नेते, बाजूला काढते, पुन्हा नेते, आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणते. मी नजीबला विचारलं काय म्हणाली.

"म्हनली, तू फोनात लय बारका दिसायचास."

मदत पथकं, करार, मोठमोठी कार्यालयं, दोन खंडांतल्या फायली, आणि शेवटी एक हवालदार, एक चुकीचं नाव व एक पोतं. या सगळ्यांच्या बळावर एका माणसाचं घर पुन्हा एक झालं. मला असल्या वाक्यांची चीड आहे, तरी हे वाक्य मी खोडणार नाही.

गुरवांचा मात्र अधूनमधून फोन येतो. मूळ पत्रिका परत मिळावी म्हणून मी दिल्लीला चार अर्ज केले. ती कायमच्या नोंदीत जमा झाली असून परत करता येत नाही, असं उत्तर आलं. यमाईकडे सध्या तिची झेरॉक्स आहे. साक्षांकित.